डुलकी कुणाला लागली

"बाईला डुलकी लागली, दुसरं काय," सुमंतराव म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला.

शरयू त्याच सकाळी साताऱ्याहून आली होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून दिवाळीनंतर ती रजेवर गेली होती, ती आता मार्चमध्ये परत कामावर येत होती. पिशवी अजून खांद्यालाच होती. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या सुमंतरावांच्या त्या लहानशा कंपनीत पाय ठेवल्या ठेवल्या तिच्या हाताखालच्या निमिषने तिला दारातच बातमी सांगितली होती. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आपल्या मशीनवर एका बाईचा हात सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"डुलकी लागली हे कुणी पाहिलं?" शरयूने विचारलं.

"पाहायला कशाला हवं? मशीन मी स्वतः जाऊन तपासलं. लाकडी पट्टी आत घातली, जबडे उघडले. मशीन व्यवस्थित आहे. शेडच्या मालकांना, आप्पासोंना, तसा अहवाल दिलाय. कामगाराचा निष्काळजीपणा."

मशीन बेदाण्याच्या पिशव्या बंद करायचं. वरून मोजून बेदाणा पिशवीत पडायचा, समोर बसलेली बाई पिशवीचं तोंड सारखं करून पुढे सरकवायची आणि हवेच्या दाबावर चालणारे दोन तापलेले जबडे मिटून ते तोंड चिकटवायचे. जबड्यांच्या अलीकडे प्रकाशाचा एक किरण होता. हात त्याच्या पलीकडे गेला की किरण तुटायचा, बाजूचा छोटा दिवा लागायचा आणि जबडे उघडायचे. शेडमधल्या बायका त्याला 'डोळा' म्हणायच्या. डोळ्याने पाहिलेलं जायचं मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरकडे, आणि जबडे उघडायचे की नाही ते कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम ठरवायचा. तो प्रोग्रॅम शरयूने लिहिलेला होता.

"मी बाईंना भेटून येते," ती म्हणाली.

"आत्ताच? अहो, बसा तरी. काम साचलंय."

शरयूने पिशवी टेबलाखाली ढकलली आणि ती निघाली.

मिरजेच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात हरणाबाई वीरकर खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. बँडेज बांधलेला हात त्यांनी छातीशी उभा धरला होता. पस्तिशीची, उंच, काटक बाई. त्या म्हसवडजवळच्या एका वाडीतल्या. नवरा मेंढरं घेऊन चाऱ्यामागे लांब गेलेला, आणि त्या शेजारच्या रंगूबाईबरोबर हंगामापुरत्या तासगावला बेदाण्याच्या कामाला आलेल्या. रंगूबाई त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोलत होती.

"तुमी कंपनीच्या?" हरणाबाईंनी विचारलं.

"हो. मशीननं काय करायचं ते कॉम्प्युटरला लिहून द्यावं लागतं. ते मी लिहिलंय."

हरणाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुमीच सांगा तुमच्या सायबाला. मी झोपले न्हवते."

"काय झालं ते मला सांगा."

"काय सांगू? पिशवीचं त्वांड दुमडलं. रोज दुमडतंय. आमी बोट घालून सरळ करतोय. बोट आत गेलं की डोळा बगतोय, जबडा मागं जातोय. दोन हंगाम असंच केलं. त्या दिशी बी तसंच केलं. डोळ्याचा दिवा लागलेला माझ्या डोळ्यानं बगितला मी. पर जबडा आलाच."

"व्हय," रंगूबाई म्हणाली. "मी शेजारी हुते. बोलत हुतो आमी. झोपलेलं माणूस बोलतंय व्हय?"

"बोटं गेली ती गेली," हरणाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "पर गावाकडं सांगावा गेला, हरणीला कामावर डुलकी लागली म्हणून. सासू इतं येऊन मला विचारती, एवढी कसली गं झोप? दिवसाढवळ्या, जबड्याफुडं, झोपंन मी? मेंढरामागं रात रात जागणारी बाई मी! माझा हात बी घेतला आन वर माझ्याच तोंडाला काळं फासलं. ह्यो कुठला न्याय?"

शरयूने हरणाबाईंच्या डाव्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

सांगलीला परतताना एसटीत तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती उभीच राहिली. पट्टी आत घातली म्हणे. पट्टी कशी घातली असेल सुमंतरावांनी? सावकाश, जबडे हलायच्या आधी, सदऱ्याची बाही सांभाळत. आणि तेवढ्यावर एका बाईच्या माथी ठपका ठेवून मोकळे झाले.

ऑफिसात तिने निमिषला शेजारी बसवलं. निमिष दीड वर्षापूर्वी कामाला लागलेला, मेहनती मुलगा होता. शरयू रजेवर असताना सुमंतरावांनी त्याच्याकडून तिचा जुना प्रोग्रॅम डॉस या जुन्या सिस्टीमवरून विंडोजवर आणून घेतला होता. गिऱ्हाइकांना रंगीत पडदा हवा होता, माउस हवा होता, काम चालू असतानाच दिवसभराच्या हिशेबाची छपाई हवी होती. निमिषने ते सगळं केलं होतं, आणि नीटनेटकं केलं होतं.

"डोळ्याचा भाग दाखव," शरयू म्हणाली.

त्या भागात एक अडचण होती, आणि तिच्यावरचा उपाय शरयूनेच पूर्वी शोधला होता. पिशवीत पडताना एखादा बेदाणा उडून किरणातून जायचा. प्रत्येक दाण्यासाठी मशीन थांबलं असतं तर काम झालंच नसतं. म्हणून किरण तुटलेला दिसला की प्रोग्रॅम एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, थांबायचा आणि पुन्हा पाहायचा. असं लागोपाठ वीस वेळा. वीसही वेळा किरण तुटलेलाच असेल तर तो हात. दाणा तेवढ्यात निघून जातो, हात जात नाही. वीस वेळा पाहून झालं तरी पापणी लवत नसे.

"हे बघा," निमिष म्हणाला. "डॉसमधलं थांबायचं फंक्शन विंडोजवर नाही. म्हणून विंडोजचं घातलं. तेही मिलिसेकंदातच आकडा घेतं. तुमचा एक होता, मीही एकच दिलाय."

"तू किती मागितलास ते दिसतंय. मिळाला किती, ते मोजलंस?"

निमिषने पडद्यावरून नजर काढली नाही. "एक मागितला तर एकच मिळणार ना?"

"डॉसमध्ये आपला प्रोग्रॅम एकटाच असतो. तो स्वतः मोजत बसतो आणि वेळ झाली की उठतो. इथे तो एकटा नाही. तो सिस्टीमला सांगतो, मी झोपतो, मला एका मिलिसेकंदाने उठव. सिस्टीम म्हणते, बरं. पण उठवणार तिची घंटा होईल तेव्हाच. मधे नाही. आणि घंटा झाली तेव्हा छपाईचं काम पुढे असेल तर आधी ते. त्या फंक्शनच्या माहितीत लिहिलंय की निमिष, कमीत कमी एवढा वेळ. जास्तीत जास्त किती, ते कुणीच सांगितलेलं नाही."

निमिषचा चेहरा पडला. "वाचायला वेळच दिला नाही हो. हंगामाआधी सात मशीन द्यायची होती. मी सरांना म्हणालो होतो, एक आठवडा शेडमध्ये चालवून बघू. ते म्हणाले, चालतंय ना? मग झालं."

"चालतंय," शरयू म्हणाली. तिला त्या शब्दाचाच संताप आला होता.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोघं तिच्या जुन्या सरांकडे, गंगाधर सरांकडे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे ऑसिलोस्कोप होता, तारेतल्या विजेचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारा. शरयूने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायच्या जागेतल्या एका तारेत वीज सोडायची, एक मिलिसेकंद थांबायचं, वीज बंद करायची, पुन्हा थांबायचं. तार ऑसिलोस्कोपला जोडली.

डॉसवर हिरव्या रेषेला बारीक, सारखे दात आले, फणीसारखे. मग तोच प्रोग्रॅम विंडोजवर चालवला. दात एकदम रुंद झाले. एकाच्या जागी दहा, कधी त्याहून जास्त. निमिषने मुद्दाम एक लांबलचक मजकूर छपाईला लावला तेव्हा तर फणीचे दात मोडल्यासारखे झाले. एखादा अरुंद, पुढचा इतका लांब की पडद्यावर मावेना.

"आता माझ्या युनिक्सवर बघा," गंगाधर सर म्हणाले. "तुमचे साहेब उद्या म्हणतील, विंडोज गंभीर कामाला नाहीच, युनिक्स टाका."

युनिक्सवरही एकाचे दहा झाले, बरेचदा वीस. सरांनी दोनदा तार काढून घातली. त्यांचं युनिक्सवर प्रेम होतं.

"तशी कुठल्याच सिस्टीमची चूक नाही गं," ते शेवटी म्हणाले. "इतक्या बारीक वेळाचं वचन यातल्या कुणीच दिलेलं नव्हतं."

"वचन नव्हतं, आणि त्याच्या भरवशावर माणसाचा हात ठेवला, सर."

निमिष मघापासून हिशेब करत होता. "दहाच्या हिशेबानं वीस वेळा पाहायचं म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला. छपाई चालू असली तर अर्धा सेकंदसुद्धा. जबडे तर त्याच्या आधीच मिटतात." त्याने घसा खाकरला. "ताई, झोपायचंच नाही असं केलं तर? रिकामे फेरे मारत राहायचं. एक लाख फेरे म्हणजे एक मिलिसेकंद, असं काहीतरी."

"मग बाकीची सगळी कामं तुंबतील. आणि पुढच्या वर्षी दुप्पट वेगाचा कॉम्प्युटर आला की तुझे लाख फेरे अर्ध्या वेळात संपतील. मग दाण्यालाही हात समजून मशीन थांबत राहील. कुणीतरी वैतागून डोळाच बंद करून ठेवेल." शरयूने मान हलवली. "डोळ्याची तार थेट जबड्यांना हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला गेली पाहिजे. दाणा कुठला आणि हात कुठला एवढं ओळखायला तळहाताएवढं सर्किट पुरतं. मधे कॉम्प्युटरच नको. हे मी पहिलं मशीन बनत होतं तेव्हा सांगितलं होतं. सुमंतराव पुढच्या खेपेला करू म्हणाले होते."

सुमंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. हातातलं पेन फिरवत मधे मधे "बरं, बरं" म्हणत राहिले. मग म्हणाले, "छान शोध लावलात. करू या. हंगाम संपला की सगळी मशीन बोलावून घेऊ."

"हंगाम संपला की? सर, ती मशीन या घटकेला चालू आहेत."

"मग काय, ऐन भरात सात मशीन बंद करा म्हणून फोन करू? उद्या अख्ख्या तासगावात बोभाटा होईल, यांच्या मशीनमध्ये दोष आहे."

"आहेच दोष."

"शरयूताई, तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात, तुमच्या मनाला लागलंय. भावनेच्या भरात—"

"भावना नाही, मी मोजून आलेय!" तिचा आवाज बाहेर वेल्डिंग करणाऱ्यापर्यंत गेला असावा, कारण तिकडचा आवाज थांबला. "एका बाईला तुम्ही झोपाळू ठरवलंत. ती जागी होती. झोपला होता आपला प्रोग्रॅम. निदान तो अहवाल तरी मागे घ्या."

"अहवाल गेलाय. आणि काय सांगणार आप्पासोंना? मिलिसेकंद? त्यांना सेकंद कळला तरी पुष्कळ."

जुन्या प्रोग्रॅमची फ्लॉपी शरयूने कपाटातून काढली आणि निमिषला म्हणाली, "उद्या तासगावला जायचंय. तुझी नोकरी जाईल अशी भीती वाटत असेल तर येऊ नकोस, मी काही म्हणणार नाही."

निमिष रात्रभर विचार करून सकाळी स्टँडवर हजर झाला.

आप्पासोंचं शेड तासगावच्या बाहेर होतं. बेदाण्याचा गोड, थोडा आंबूस वास रस्त्यापर्यंत यायचा. आत लांब टेबलांवर बायका बेदाणा निवडत होत्या, टोकाला मशीन चालू होतं आणि त्यावर आता दुसरीच एक बाई बसली होती. शरयूची नजर आधी तिच्या बोटांकडे गेली.

आप्पासो साठीचे, अंगाने जाड, स्वतः द्राक्षबागाईतदार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आवं मॅडम, तुमच्याच सायबांनी लिवून दिलंय की, मशीन बरूबर हाय. आता तुमी म्हणताय बरूबर न्हाई. मी कुनाचं खरं धरू?"

"कुणाचंच नको. तुमच्या डोळ्यांनी बघा. थोडा वेळ मशीन माझ्या ताब्यात द्या."

"थांबा. सायबास्नी बी बोलावतो. पाठीमागं नगं."

सुमंतराव गाडी घेऊन तासाभरात आले. तोवर आप्पासोंच्या जीपमधून हरणाबाईही आल्या. त्यांना आदल्याच दिवशी दवाखान्यातून सोडलं होतं आणि त्या रंगूबाईच्या खोलीवर राहत होत्या. बायकांनी निवडणी थांबवली. सुमंतराव शरयूकडे न बघता आप्पासोंना नमस्कार करून उभे राहिले.

"काकडी आहे का कुणाच्या डब्यात?" शरयूने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रंगूबाईने आपल्या फडक्यातून दोन काकड्या काढून दिल्या.

"आधी सरांनी जशी तपासणी केली तशी करू." शरयूने मशीन चालू केलं आणि जबडे हलायच्या आधीच काकडी सावकाश आत सरकवली. डोळ्याचा दिवा लागला. जबडे उघडेच राहिले.

"बघा," सुमंतराव म्हणाले.

"आता हात जसा जातो तशी घालते. निमिष, रोजच्यासारखी छपाई चालू कर."

प्रिंटर करकरायला लागला. बेदाणा पडला, जबडे निघाले, आणि शरयूने काकडी झटक्यात पुढे केली. दिवा लागला. जबडे मिटले. काकडीचा कचकन आवाज झाला, पाणी उडालं आणि जळक्याचा वास सुटला. जबडे मग उघडले, सावकाश, काही झालंच नाही असे. मशीनवर बसणारी नवी बाई दोन पावलं मागे सरली आणि तिने आपले दोन्ही हात पदरात घेतले.

हरणाबाई त्या चेचलेल्या काकडीकडे बघत होत्या. त्यांच्या जबड्याचे स्नायू हलत होते.

शरयूने कॉम्प्युटर बंद करून फ्लॉपीवरून जुना प्रोग्रॅम चालू केला. रंगीत चित्रं गेली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. उरलेली काकडी तिने तशीच झटक्यात पुढे केली. जबडे अर्ध्या वाटेवरून फटकन मागे गेले. तिने पुन्हा केलं. पुन्हा मागे गेले. आप्पासोंनी तिच्या हातातून काकडी घेतली आणि स्वतः घालून पाहिली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. काकडीला साधा ओरखडा नव्हता.

"या जुन्यात छपाईच नाहीये," सुमंतराव म्हणाले. "ही तुलना बरोबर नाही."

"हो ना. छपाईसाठीच तर हात गेला," शरयू म्हणाली. "पण जुना प्रोग्रॅम परत घाला असंही मी म्हणत नाही. आप्पासो, हा प्रोग्रॅम मधे मधे क्षणभर झोपतो. जुन्या सिस्टीमवर तो सांगितल्या वेळेला उठायचा. नवीवर उशिरा उठतो, आणि दुसरं काम निघालं की आणखी उशिरा. कुठल्याही सिस्टीमवर त्याच्या भरवशावर माणसाचा हात ठेवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. डोळ्याची तार सरळ व्हॉल्व्हला जोडू. मग तो झोपला काय नि जागा राहिला काय."

आप्पासोंनी चष्मा खाली घेतला. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मशीनचा प्लग स्वतः उपटून काढला. मग सुमंतरावांकडे वळले.

"मग डुलकी कुनाला लागली हुती, सायेब?"

सुमंतरावांनी रुमाल काढला. "आप्पासो, हा एक टेक्निकल इश्यू आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या शेड्युलिंगमुळे टायमिंग थोडं व्हेरी होतं, आणि—"

"मराठीत सांगा," हरणाबाई म्हणाल्या.

सुमंतराव थांबले. बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती, बँडेजचा हात छातीशी धरून. "मला डुलकी लागली, हे तुमी मराठीत सांगितलं हुतं. सगळ्यास्नी कळंल असं. आता हे बी तसंच सांगा."

"बाई, तुमच्याबद्दल मला सहानुभूती—"

"त्ये नगं मला. मी जागी हुते का न्हवते?"

सुमंतरावांनी आप्पासोंकडे पाहिलं. आप्पासो प्लगची वायर हाताभोवती गुंडाळत होते. ते मदतीला आले नाहीत. निमिष जमिनीकडे बघत होता. शरयूला वाटलं, हे आता गाडीत बसून निघून जातील. तसे ते गेले असते तर ती त्यांच्या गाडीला आडवी गेली असती, इतका संताप तिच्यात भरला होता.

"जाग्या होतात तुम्ही," सुमंतराव पुटपुटले. "दोष मशीनचा होता."

"मोठ्यानं. त्या टोकाच्या बायास्नी ऐकू गेलं न्हाई."

"दोष मशीनचा होता!" सुमंतराव ओरडले. त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. "हरणाबाईंची काही चूक नव्हती. झालं समाधान?"

"न्हाई," हरणाबाई शांतपणे म्हणाल्या. "बोटं कुठं आली माजी? पर बोललासा ते बरं केलंसा."

टेबलांपाशी बसलेल्या बायकांमधून कुजबुज निघाली आणि वाढत गेली. रंगूबाई रडत होती. आप्पासोंनी खाकरून घसा साफ केला. "गावाकडचा सांगावा माज्या मुकादमानं धाडला हुता. आता मी सोता जातो आन तुज्या सासूला सांगतो. उद्याच जातो, बाई."

ते गेलेही. म्हसवडपर्यंत जीपने आणि तिथून वाडीपर्यंत धुरळा खात. त्याआधी त्यांनी मशीन घेतलेल्या बाकीच्या शेडवाल्यांना आणि तसंच मशीन घेतलेल्या लोणंदच्या एका व्यापाऱ्याला फोन केले होते, त्यामुळे सुमंतरावांना हंगाम संपायची वाट बघता आली नाही. शरयू आणि निमिष एकेका ठिकाणी जाऊन मशीन उघडत, डोळ्याची तार नव्या सर्किटमधून व्हॉल्व्हला जोडत आणि प्रत्येक मशीन मालकासमोर तपासून देत. लोणंदचा व्यापारी कुरकुरला. त्याच्याकडे अजून कुणाला काही झालं नव्हतं, मग कशाला एवढा खटाटोप, असं त्याचं म्हणणं पडलं. शरयू त्याच्यावर इतकी भडकली की निमिषनेच तिला बाजूला नेऊन पाणी दिलं.

सुमंतरावांनी तिला कामावरून काढलं नाही. तिच्यावाचून नवीन मशीन होणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. बोलणं मात्र कामापुरतंच राहिलं. लेखी अहवाल त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही. शरयूने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "चारचौघांत बोललो ना? आता तो कागद कोण वाचतंय?"

हरणाबाई हंगाम संपायच्या आत गावी गेल्या. पुढे एकदा रंगूबाईकडून कळलं की मेंढरं कातरायची कातर आता त्यांच्या उजव्या हातात बसत नाही. डाव्या हाताने शिकतायत, पण मेंढरू हलतं आणि त्यांना राग येतो.

डिसेंबरात सांगलीत यंत्रांचं प्रदर्शन भरलं. सुमंतरावांच्या गाळ्यावर नवं मशीन चकाचक पुसून ठेवलं होतं आणि शेजारी खुर्चीवर गुळगुळीत माहितीपत्रकांचा गठ्ठा. ती छापून येईपर्यंत शरयूला दाखवली नव्हती. पहिल्याच पानावर लाल ठळक अक्षरांत होतं: 'दुहेरी सुरक्षा! आमच्या तंत्रज्ञांचे नवे संशोधन.' खाली डोळ्यातून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या तारेचं चित्र, भोवती चांदण्या काढलेल्या.

शरयू ते पान धरून उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

समोर एक बागाईतदार आपल्या बायकोबरोबर मशीन बघत होता. "दुहेरी कशाला घातली ही सुरक्षा?" त्याने विचारलं. "एकीनं भागत नव्हतं का?"

"भागत होतं की," सुमंतराव हसून म्हणाले. "पण ग्राहकाची जास्तीची काळजी घ्यायची आमची पद्धत आहे."

"खोटं आहे," शरयू म्हणाली.

सुमंतराव गर्रकन वळले. शेजारच्या गाळ्यावरचे लोकही बघायला लागले.

"काळजी नव्हती घेतली, म्हणून हे आलं. आमच्या मशीनवर हरणाबाई वीरकर नावाच्या बाईंची दोन बोटं गेली. त्या जाग्या होत्या, आमचा प्रोग्रॅम झोपला होता, आणि कंपनीने लिहून दिलं की बाईंचा निष्काळजीपणा. तो कागद अजून तसाच आहे."

"शरयूताई, उद्यापासून तुम्ही येऊ नका," सुमंतराव दातांवर दात ठेवून म्हणाले.

"नाही येत."

बागाईतदाराची बायको मशीनजवळ गेली होती. तिने जबड्यांकडे वाकून पाहिलं, मग शरयूला विचारलं, "आमच्या शेडमधी दुसऱ्या कंपनीचं हाय असलंच मशीन. त्येलाबी कॉम्प्युटर हाय. त्येचं कसं बगायचं?"

शरयूने माहितीपत्रकांचा गठ्ठा खुर्चीवरून उचलून बाजूला ठेवला आणि त्या बाईला बसायला सांगितलं. स्वतः दुसरी खुर्ची ओढली.

"तुमच्याकडे मशीनवर कोण बसतं?" तिने विचारलं. "आधी त्यांचं नाव सांगा."